जिभेच्या मुळाशी दडलेली गाठ

तान्हं बाळ श्वास घेताना आवाज करू लागलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस त्याच्या छातीला कान लावतं आणि म्हणतं, कफ झालाय. दवाखान्यातही पुष्कळदा तेच ठरतं. वाफ, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, फार तर नेब्युलायझर. बहुतेक बाळांचं त्याने भागतं. पण काही थोड्या बाळांची छाती अगदी स्वच्छ असते. त्यांच्या फुप्फुसात काहीही बिघडलेलं नसतं. आवाज घशातून येत असतो, कारण जिभेच्या मुळाशी जन्मापासूनच द्रवाने भरलेली एक गाठ असते आणि ती श्वासाच्या वाटेवर झुकलेली असते. वाफेने ती विरघळत नाही. नेब्युलायझरमधलं औषध फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचे स्नायू सैल करतं, गाठीला त्याचा स्पर्शही होत नाही. बाळ मात्र दर श्वासाला झगडत राहतं, आणि घरच्यांना वाटत राहतं की औषधाला गुण यायला वेळ लागतोय.

हा आजार दुर्मीळ आहे. स्वरयंत्राच्या परिसरातल्या जन्मजात गाठींचं प्रमाण हाँगकाँगच्या एका अभ्यासात एक लाख जिवंत जन्मांमागे दोनाच्या आत निघालं होतं. तालुक्याच्या गावी आयुष्यभर दवाखाना चालवलेल्या डॉक्टरांनाही असं एखादं बाळ दिसेलच असं नाही. तरीही त्यावर सविस्तर लिहावंसं वाटतं. वेळेवर कळला तर हा आजार एका छोट्या शस्त्रक्रियेत बरा होतो आणि कळला नाही तर जीव घेऊ शकतो. एवढं मोठं अंतर ज्या आजारात केवळ ओळखण्यावर अवलंबून आहे, तो दुर्मीळ म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

आधी बाळाचा गळा समजून घेऊ. मोठ्या माणसाचं स्वरयंत्र मानेत बरंच खाली, पाचव्या-सहाव्या मणक्यासमोर असतं. नवजात बाळाचं स्वरयंत्र तिसऱ्या-चौथ्या मणक्यासमोर, म्हणजे जवळजवळ जिभेच्या मागेच असतं. त्याच्यावरची झडप, एपिग्लॉटिस, इतकी उंच असते की तिचं टोक मऊ टाळूपर्यंत पोचतं. ही रचना दूध पिण्यासाठी फार सोयीची आहे. नाकातून येणारी हवा सरळ स्वरयंत्रात उतरते आणि दूध झडपेच्या दोन्ही बाजूंनी ओघळत अन्ननलिकेत जातं. त्यामुळे बाळ अंगावर पिताना तोंड न सोडता श्वास घेऊ शकतं. पहिले काही महिने ते मुख्यतः नाकानेच श्वास घेतं.

या सोयीची किंमत अशी की सगळं अगदी दाटीवाटीने बसलेलं असतं. तोंडाच्या मानाने जीभ मोठी असते. जिभेचं मूळ आणि झडप यांच्यामध्ये एक छोटी खोलगट जागा असते, तिला व्हॅलेक्युला म्हणतात. मोठ्या माणसाच्या व्हॅलेक्युलात हरभऱ्याएवढी गाठ असली तर त्याला बहुधा पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच कशासाठी घसा तपासताना ती दिसते. तेवढीच गाठ नवजात बाळात झडपेला मागे ढकलते आणि स्वरयंत्राचं तोंड झाकून टाकते.

श्वासाची वाट अरुंद झाली की किती फरक पडतो, याचा हिशेब फ्रेंच वैद्य आणि शरीरशास्त्रज्ञ प्वाझय याने एकोणिसाव्या शतकात घालून दिला. नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. बाळाची श्वासाची वाट सर्वांत अरुंद जागी साधारण ४ मिलिमीटर धरली आणि तिला चहूबाजूंनी फक्त १ मिलिमीटर सूज आली, तर उरते २ मिलिमीटर. अडथळा सोळा पट. तेवढीच सूज ८ मिलिमीटरच्या वाटेला आली तर अडथळा तिपटीच्या थोडा वर जातो. त्यात बाळ रडू लागलं की हवा वेगाने आणि खळबळत वाहते, आणि तेव्हा हिशेब चौथ्याऐवजी पाचव्या घाताकडे सरकतो. म्हणून असं बाळ शांत असताना बरं दिसतं आणि रडताना किंवा दूध पिताना अचानक निळं पडतं. डॉक्टरांकडे नेईपर्यंत ते झोपलेलं असतं, आणि आईचं सांगणं कुणाला पटत नाही.

गाठ येते कुठून? घशाच्या आतल्या अस्तरात चिकट स्राव करणाऱ्या असंख्य बारीक ग्रंथी असतात. एखाद्या ग्रंथीचं तोंड गर्भातच बंद राहिलं, तर स्राव आत साठत जातो आणि गाठ फुगते. व्हॅलेक्युलातल्या बऱ्याच गाठी अशाच. दुसरा उगम थायरॉइडचा. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी जन्म घेते आणि पुढच्या काही आठवड्यांत मानेत खाली उतरते. उतरताना तिच्यामागे एक बारीक नळी राहते आणि पुढे ती नाहीशी होते. तिचा एखादा तुकडा तसाच राहिला तर त्यातही गाठ तयार होते. मानेवर, कंठाच्या वरच्या बाजूला दिसणाऱ्या अशा गाठी पुष्कळ डॉक्टरांच्या परिचयाच्या असतात. तीच गाठ नळीच्या अगदी वरच्या टोकाला, जिभेच्या मुळात झाली की बाहेरून काहीच दिसत नाही. तिसरा प्रकार स्वरयंत्राच्या आतला आहे. स्वरतंतूंच्या वर एक छोटी थैली असते आणि तिचं तोंड बंद झालं की तीच फुगते. १९७० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डिसँटो आणि सहकाऱ्यांनी स्वरयंत्राच्या गाठींची या थैलीतल्या आणि ग्रंथींच्या नळीतल्या अशी विभागणी केली. ती अजून वापरात आहे.

आईने गरोदरपणात काय खाल्लं, काय केलं, याचा या गाठींशी संबंध नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे बाळात काही कमी-जास्त निघालं की पहिला प्रश्न बाळंतिणीलाच विचारला जातो.

आता लक्षणं. श्वास दोन टप्प्यांचा असतो, आत आणि बाहेर. आवाज कोणत्या टप्प्यात येतो, हे कानाने ओळखता येतं आणि त्यावरून अडथळा कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. श्वास आत ओढताना घशात हवेचा दाब कमी होतो. स्वरयंत्राच्या वरचे मऊ भाग त्या ओढीने आत खेचले जातात. तिथे आधीच गाठ असली तर वाट आणखी मिटते आणि चिरका किंवा घरघरणारा आवाज येतो. श्वास सोडताना तीच हवा त्या भागांना बाजूला सारते, म्हणून बाहेर पडणारा श्वास बराचसा मोकळा असतो. याउलट दम्यासारख्या, छातीतल्या बारीक नळ्यांच्या त्रासात शिट्टीसारखा आवाज मुख्यतः श्वास सोडताना येतो. दोन्ही टप्प्यांत आवाज असेल तर अडथळा स्वरतंतूंच्या पातळीवर किंवा लगेच खाली असण्याची शक्यता असते. श्वास घेतानाच्या या आवाजाला डॉक्टर स्ट्रायडर म्हणतात.

आवाजासोबत इतरही खुणा असतात. बाळ उताणं असताना त्रास वाढतो, कारण गाठ आणि जीभ दोन्ही मागे पडतात. कुशीवर किंवा पालथं घेतलं की कमी होतो. (ही केवळ ओळखण्याची खूण आहे. घरी बाळाला पालथं झोपवण्याचा उपाय कुणी करू नये, त्यात अचानक मृत्यूचा धोका वाढतो.) दूध ओढायला सुरुवात केली की दोन-चार घोटांत बाळ सोडून देतं, धाप लागते, घाम येतो, ठसका लागतो, पुन्हा भुकेने रडतं. रडणं दबकं असतं, घशात काही धरून ठेवल्यासारखं. गाठ स्वरयंत्राच्या आत असेल तर घोगरं. गळ्याच्या तळाशी, छातीच्या हाडाच्या वर आणि बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडतो. आणि वजन भरत नाही. निरोगी बाळ पहिल्या दिवसांत थोडं वजन गमावतं, दहा-चौदा दिवसांत ते भरून काढतं आणि मग रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. गाठ असलेल्या बाळाची सगळी ताकद श्वासात खर्ची पडते आणि पोटात पुरेसं जातही नाही. पुष्कळदा ही लक्षणं जन्मतःच नसतात. गाठ हळूहळू भरत जाते आणि त्रास पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागतो. तोवर बाळ-बाळंतीण घरी आलेली असतात.

इथे सर्वांत मोठी गफलत होते ती दुसऱ्या एका, बऱ्याच निरुपद्रवी आजारामुळे. तान्ह्या बाळांमधल्या स्ट्रायडरचं सर्वांत मोठं कारण आहे लॅरिंगोमलेशिया, म्हणजे स्वरयंत्राच्या वरच्या भागाचा मऊपणा. हे नाव १९४२ साली फिलाडेल्फियाच्या शेव्हलिए जॅक्सन यांनी रूढ केलं. त्यातही आवाज श्वास घेतानाच येतो, उताणं ठेवलं की वाढतो, पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतो. बहुतेक बाळं दीड-दोन वर्षांची होईतो आपोआप बरी होतात. त्यामुळे अनुभवी डॉक्टरही आवाज ऐकून पालकांना धीर देतात: मऊ आहे, वाढेल तसं घट्ट होईल. बहुधा ते बरोबरच असतं. पण व्हॅलेक्युलातल्या गाठीची लक्षणं हुबेहूब अशीच असतात, आणि पुष्कळ बाळांमध्ये तर गाठ आणि मऊपणा एकत्रच सापडतात. दोन्हीतला फरक कानाने कळत नाही. तो पाहावाच लागतो. माझं स्पष्ट मत असं की तान्ह्या बाळाला स्ट्रायडर आहे आणि त्याचं दूध किंवा वजन कमी पडतंय, तर घशात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय कुणीही ‘होईल बरं’ म्हणू नये.

ही दुर्बीण आज सहज मिळते, पण तिच्यामागे शंभर वर्षांची धडपड आहे. जिवंत माणसाचं स्वरयंत्र हालताना पाहण्याची युक्ती १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाला सुचली. दंतवैद्याचा छोटा आरसा घशाशी धरून आणि दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून त्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. पण घशात आरसा धरून शांत बसायला तान्हं बाळ काही तयार होत नाही. मग आल्या ताठ धातूच्या नळ्या. त्यांना भूल लागायची. खरी वाट मोकळी केली काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंनी. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले मार्गदर्शक हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या लवचीक जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येतं, हे १९५४ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. आज बाळासाठी तीन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची लवचीक दुर्बीण वापरतात. बाळ जागंच असतं. नर्स किंवा आई त्याला मांडीवर घट्ट धरते, नाकातून दुर्बीण आत जाते आणि एक-दोन मिनिटांत पडद्यावर दिसतं: गुळगुळीत, फिकट, वर रक्तवाहिन्यांच्या बारीक रेषा असलेला फुगवटा आणि त्याच्यामागे दबलेली झडप. तपासणी चालू असताना गाठ असलेल्या बाळाचा श्वास बिघडू शकतो, म्हणून ती जिथे ऑक्सिजन आणि श्वासनलिकेत नळी घालणारी माणसं हाताशी आहेत तिथेच व्हावी.

गाठ दिसली म्हणून लगेच सुई टोचायची नसते. आधी मानेची सोनोग्राफी करून थायरॉइड आपल्या जागी आहे ना, हे पाहावं लागतं. क्वचित थायरॉइड खाली उतरतच नाही, जिभेच्या मुळाशीच राहते. तो फुगवटा गाठ समजून काढला तर बाळाच्या शरीरातली एकुलती एक थायरॉइड ग्रंथी काढल्यासारखं होतं, आणि मेंदूची वाढ चालू असण्याच्या वयात त्याची किंमत फार मोठी आहे. गाठ कुठवर पसरली आहे हे समजायला एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतं. लसीकावाहिन्यांच्या विकृतीतून झालेली, अनेक कप्प्यांची गाठ असेल तर उपचारच वेगळे असतात.

या सगळ्या प्रवासातला सर्वांत कठीण भाग शस्त्रक्रिया नसून भूल देणं हा आहे, आणि तो बाहेरच्या माणसाला माहीत नसतो. बाळ जागं असताना घशाचे स्नायू ताणून धरलेले असतात. त्या ताणावरच वाट कशीबशी उघडी असते. भूल चढली की स्नायू सैल पडतात, जीभ आणि गाठ मागे कोसळते, वाट बंद. स्नायू पूर्ण शिथिल करणारं औषध दिलं तर बाळाचा स्वतःचा श्वासही थांबतो आणि मास्कने हवा आत जात नाही. अशा वेळी श्वासनलिकेत नळी घालावी म्हटलं, तर स्वरयंत्र गाठीमागे लपलेलं. शिवाय नळी घालण्यासाठी सर्वत्र वापरलं जाणारं वक्र पातं, ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ साली आणलेलं, त्याचं टोक नेमकं व्हॅलेक्युलातच टेकवायचं असतं. गाठ तिथेच बसलेली. जोर लावला तर ती फुटून द्रव श्वासनलिकेत जाऊ शकतो.

म्हणून जाणते भूलतज्ज्ञ बाळाचा स्वतःचा श्वास चालू ठेवूनच, वायूने हळूहळू भूल देतात. सरळ पातं तोंडाच्या कडेने आत नेतात किंवा व्हिडिओ कॅमेऱ्याच्या पात्याने नाहीतर लवचीक दुर्बिणीवरून नळी सरकवतात. कान-नाक-घसा शल्यविशारद हातमोजे घालून शेजारी उभा असतो, ताठ ब्राँकोस्कोप आणि गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचं साहित्य उघडून ठेवलेलं असतं. काहीच जमलं नाही तर सुईने गाठीतला द्रव ओढून घेतात. गाठ बसते, वाट मिळते. ही तयारी नसलेल्या ठिकाणी असं बाळ टेबलावर घेणं धोक्याचं आहे. वेळ असेल तर त्याला बालरोग भूलतज्ज्ञ आणि बाळांच्या श्वसनमार्गाचा अनुभव असलेले शल्यविशारद जिथे आहेत अशा मोठ्या रुग्णालयात पाठवणं हाच शहाणपणाचा निर्णय आहे, कमीपणाचा नव्हे.

एकदा नळी आत गेली की पुढचं काम तुलनेने सरळ. नुसता द्रव काढला तर भिंत तशीच राहते आणि गाठ पुन्हा भरते. म्हणून तोंडातूनच गाठीचं छत कापून ती कायमची उघडी करतात किंवा भिंतीसकट काढतात. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचं लेसर किंवा कमी तापमानावर ऊती विरघळवणारं कोब्लेशन वापरतात. बाहेरून टाका नाही, व्रण नाही. काढलेला तुकडा तपासणीला जातो.

काही मोठ्या गाठी जन्माआधीच सोनोग्राफीत दिसतात. गर्भ एरवी गर्भजल गिळत असतो. घसा अडला की गिळणं कमी होतं आणि गर्भजल वाढतं. अकारण वाढलेलं गर्भजल हा म्हणूनच एक इशारा आहे. अशा बाळाचा जन्म कुठे व्हावा हे आधीच ठरवता येतं. अतिशय मोठा अडथळा असेल तर सिझेरियनमध्ये बाळाचं डोकं बाहेर काढून, वार अजून गर्भाशयाला चिकटलेली आणि नाळेतून प्राणवायू चालू असतानाच त्याच्या श्वासनलिकेत नळी घालतात. नाळ त्यानंतर कापतात. याला एक्झिट पद्धत म्हणतात. पण व्हॅलेक्युलातली छोटी गाठ सोनोग्राफीत बहुधा निसटते, म्हणून खरी पारख जन्मानंतरच्या आठवड्यांतच होते.

आणि त्या आठवड्यांत बाळ कुणाच्या नजरेत असतं? आजीच्या, आईच्या आणि आशाताईंच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळ घरी तपासायला शिकवून बालमृत्यू कमी करता येतात, हे दाखवून दिलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच वाटेने आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटतात, वजन करतात, श्वास मोजतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास हा धोक्याचा आकडा. न्यूमोनियासाठी तो फार उपयोगी आहे. घशातल्या अडथळ्यात मात्र तो फसवू शकतो, कारण अरुंद वाटेतून हवा ओढणारं बाळ पुष्कळदा भरभर श्वास घेत नाही, ते सावकाश आणि जोर लावून घेतं. आकडा ६० च्या खाली आणि गळ्याशी खड्डा, असं चित्र दिसू शकतं. आशाताईंच्या प्रशिक्षणात मोजण्याइतकाच भर श्वास आत घेतानाच्या आवाजावर आणि न वाढणाऱ्या वजनावर दिला, तर अशी बाळं पंधराव्या-विसाव्या दिवशीच सापडतील. जन्मजात दोषांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे. पुढे पाठवायची सोय आहे, पाठवण्याचं कारण कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

घरात काय करू नये हेही सांगायला हवं. नाकात किंवा घशात तेल सोडू नये. अडलेल्या वाटेतून ते फुप्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनिया करतं. धुरीने आधीच चिडलेलं अस्तर सुजतं, आणि १ मिलिमीटर सुजेचा हिशेब वर आलाच आहे. घशात बोट घालून ‘कफ काढणं’ तर गाठ असलेल्या बाळात जिवावर बेतू शकतं. मेळघाटात बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाने ‘डंबा’ देतात. जिथून दवाखाना दूर आहे आणि बाळ डोळ्यांदेखत गुदमरतंय, तिथल्या आई-आजीची ती हतबलता आहे. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांच्यापर्यंत कुणीतरी वेळेत पोचणं हाच त्यावरचा इलाज आहे.

करण्यासारखी एक गोष्ट अगदी सोपी आहे. बाळ आवाज करत असेल तेव्हा, दूध पिताना आणि रडताना, मोबाइलवर त्याची चित्रफीत घ्यावी. अंगावरचं कापड बाजूला करून गळा आणि छाती दिसू द्यावी, आवाज नीट येऊ द्यावा. दवाखान्यात बाळ शांत झोपलं तरी डॉक्टरांना सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. ओठ-जीभ निळी पडत असेल, श्वास मध्येच थांबत असेल, बाळ दूध ओढायचं सोडून मलूल झालं असेल, तर चित्रफितीसाठीही थांबायचं नाही, थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

शस्त्रक्रियेनंतर घशातली सूज उतरेपर्यंत बाळाला नळीवर किंवा निगराणीखाली अतिदक्षता विभागात ठेवतात. नळी निघाली की आवाज पुष्कळदा लगेच कमी होतो. सोबत लॅरिंगोमलेशिया असेल तर थोडी घरघर काही महिने राहू शकते, गाठीचा दाब गेल्यावर तीही हळूहळू ओसरते. काही आठवड्यांनी आणि मग काही महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात, कारण भिंतीचा तुकडा मागे राहिला असेल तर गाठ परत भरू शकते. दरम्यान आईने फक्त वजनाकडे लक्ष ठेवायचं. बाळ पोटभर पिऊ लागलं की मागे पडलेलं वजन बहुधा काही आठवड्यांतच भरून निघतं.